भाकरीचे माप आणि इन्शुलिनची मात्रा

नवरात्रात अमरावतीच्या राजापेठेतून अंबादेवीच्या दर्शनास पायी जाणाऱ्यांची पहाटेपासून रीघ लागते. घरोघरी उपास असतात. अशा एखाद्या घरातील दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह असला, म्हणजे आईपुढे प्रश्न उभा राहतो. त्याला साबूदाण्याची उसळ द्यावी काय? देवळापर्यंत चालत न्यावे काय? शेजारी सांगतात, भात बंद करा, भाकरी हवी तेवढी द्या. भाकरीने साखर वाढत नाही. सल्ला सद्भावनेचा खरा, पण या मुलाच्या उपयोगाचा नाही.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि त्यात आईबापांचा दोषही नसतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून आयुष्याचे थोडे दिवस वाढविले जात. इन्शुलिन आले, तरी उपासमारीचा तो जुना उपाय घराघरांत अजून रेंगाळतो आहे. वाढत्या मुलाला भावंडांइतकेच अन्न लागते. प्रश्न अन्न तोडण्याचा नसून मोजण्याचा आहे.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम, तर साबूदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी ३४ ग्रॅम कर्बोदके देते. रक्तातील साखर मुख्यत्वे यांनीच वाढते. तेव्हा भाकरीही हिशेबात धरलीच पाहिजे. तुरीचे वरण, आंबाडीची भाजी सोबत असल्यास साखर सावकाश चढते, एवढाच फरक. पीठ एकदा तराजूवर तोलून त्या मापाची वाटी ठरवून घेतली, की रोजची दगदग वाचते. किती कर्बोदकांना किती इन्शुलिन, हे प्रमाण प्रत्येक मुलाचे वेगळे असते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. साधे इन्शुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास टोचावे लागते. टोचल्यावर जेवण लांबविणे धोक्याचे.

धोका म्हणजे साखर एकाएकी उतरणे. हात थरथरतात, घाम सुटतो, मूल चिडते किंवा असंबद्ध बोलते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळल्यास तीन चहाचे चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, अगदी लहान मुलास त्याहून कमी. आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून तत्काळ रुग्णालय गाठावे. वर्गशिक्षकांना एवढे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

याउलट ताप-ओकारीत मूल जेवत नाही म्हणून इन्शुलिन बंद करणारे पालक आढळतात. ही चूक जिवावर बेतते. आजारपणात मात्रा बदलू शकते, पण इन्शुलिन थांबवू नये. पोटदुखी, सतत ओकाऱ्या आणि जलद, खोल श्वास दिसताच उशीर करू नये.

वऱ्हाडचा उन्हाळा हा आणखी एक शत्रू. न उघडलेली कुपी शीतकपाटात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. शीतकपाट नसल्यास मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात कुपी ठेवता येते. खर्चाचा भार मोठा आहेच. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापिलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील अशा मुलांना मोफत इन्शुलिन पुरविले आहे.

राजापेठेतील त्या मुलास उसळ मोजून देण्यास हरकत नाही. इन्शुलिन त्या मापाने हवे. मात्र निरंकार उपास त्याने करू नये. देवळाकडे निघण्यापूर्वी साखर तपासावी, कमी असल्यास काही खाऊ घालावे आणि ग्लुकोजची पुडी आईच्या पिशवीत नव्हे, तर मुलाच्याच खिशात असावी.