कपाटातून पुस्तक गेले, हक्कही गेला?

प्रश्न : आम्ही जॉर्जियात राहतो. मुलीच्या शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तके काढली. ती विकत मिळतातच. मग यात नागरी हक्कांचा प्रश्न कुठे येतो?

उत्तर : पुस्तक बाजारात मिळते, म्हणून प्रश्न मिटत नाही. अमेरिकेत याला दोन बाजू आहेत. एक अभिव्यक्तिस्वातंत्र्याची : १९८२च्या पिको खटल्यात सर्वोच्च न्यायालयातील काही न्यायमूर्तींनी म्हटले, की केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळा मंडळाला ग्रंथालयातून पुस्तक काढता येणार नाही. मात्र त्या मताला बहुमत नव्हते, त्यामुळे आधार डळमळीतच.

दुसरी बाजू भेदभावाची, आणि तुमच्याच राज्यातली. फोर्सिथ काउंटीतील शाळांनी २०२२मध्ये काही पुस्तके हटवली. बैठकांतील चर्चेमुळे अशी समजूत पसरली, की गौरेतर व समलिंगी लेखक-पात्रे वगळली जात आहेत. मुले धास्तावली. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने मे २०२३मध्ये बोट ठेवले ते यावर : वंश व लिंग यांवरून प्रतिकूल वातावरण तयार झाले असेल, तर ते निवळवण्यासाठी शाळांनी पुरेसे काही केले नाही. शाळांना विद्यार्थ्यांसाठी खुलासा आणि सर्वेक्षण मान्य करावे लागले.

पण जानेवारी २०२५मध्ये त्याच खात्याने पुस्तके हटवण्याबाबतच्या ११ तक्रारी फेटाळल्या. कायदा तोच, सरकार बदलले! तेव्हा सध्या तिथून फार आशा नको. तरी पुस्तके हटवण्यावरून मुलीला कुणी टोमणे मारत असेल, तर तारीखवार लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा.