राजधानी पाहायला निघण्याआधी

मंडळी, सुगी आटोपली. कापूस विकला, तूर घरात आली. हातात चार पैसे आहेत. अशा वेळी घरोघरी एक बोलणं हमखास निघतं.

आजी म्हणते, "डोळे मिटायच्या आधी एकदा समुद्र बघायचा हाय."

नातू म्हणतो, "मला राणीच्या बागेतला पेंग्विन बघायचाय."

घरधनी म्हणतो, "जाऊ की कधी तरी."

हे 'कधी तरी' वर्षानुवर्षं येत नाही. आजी थकत जाते, नातू मोठा होतो. म्हणून आज आपण मुंबईच्या सहलीचा बेत कागदावर मांडू. आता तुम्हांला लिहिता येतं. मग दुसऱ्याच्या भरवशावर का राहायचं?

राजधानी म्हणजे काय?

जिथून राज्याचा कारभार चालतो, ते शहर म्हणजे राजधानी. आपल्या देशाची राजधानी दिल्ली. आपल्या राज्याची राजधानी मुंबई. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हापासून मुंबई त्याची राजधानी आहे. नागपूर ही उपराजधानी.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना राजधानी काही नवी नाही. शहराजवळचा देवगिरीचा किल्ला आपण पाहिलाच असेल. तिथं यादव राजांची राजधानी होती. पुढे १३२७ च्या सुमारास दिल्लीच्या महंमद तुघलकानं आपली राजधानी तिथं आणली आणि देवगिरीला दौलताबाद म्हटलं. दिल्लीच्या कितीतरी लोकांना त्यानं इकडे यायला लावलं. लांबचा रस्ता, सोबत लेकरं आणि म्हातारी माणसं. वाटेत लोकांचे फार हाल झाले. काही वर्षांतच राजधानी परत दिल्लीला गेली.

हुकूम सोडणं सोपं असतं. चालणाऱ्याचे पाय कोण बघणार? आपला बेत करताना आपण आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाचा विचार करू. आजीला झेपेल तेवढंच बघू.

दिवस कोणते धरावे?

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. इतक्या लांब जाऊन बंद फाटक बघून परतायचं नसेल, तर वार पाहूनच निघावं. गुरुवारी सकाळी पोचावं आणि शुक्रवारी रात्री निघावं, हे बरं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये.

तिकीट आणि घड्याळ

संभाजीनगरहून मुंबई रेल्वेनं सुमारे ३७५ किलोमीटर आहे. गाडी मनमाडवरून जाते. देवगिरी एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईत पोचते. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. स्टेशनच्या खिडकीवर एक फॉर्म मिळतो. त्यावर गाडीचं नाव, नंबर, तारीख आणि प्रत्येकाचं नाव व वय लिहावं. एका फॉर्मवर ६ जणांची नावं बसतात. तो फॉर्म तुम्ही स्वतः भरा. ५ वर्षांखालच्या लेकराला वेगळी जागा घेतली नाही, तर तिकीट लागत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. आमच्या ओळखीचं एक कुटुंब असंच सहलीला निघालं होतं. तिकिटावर तारीख होती १० आणि वेळ होती ००:२०. मंडळी १० तारखेला रात्री जेवूनखाऊन, गाठोडी घेऊन स्टेशनावर आली. गाडी तर आदल्या रात्रीच निघून गेली होती! लेकरं रडली. आजी मुकाट्यानं गाठोड्यावर बसून राहिली. वर्षभर साठवलेला पैसा गेला.

चूक कुठं झाली? रेल्वेची तारीख रात्री १२ वाजता बदलते. १० तारखेचे ००:२० म्हणजे ९ तारखेच्या रात्री बारा वाजून वीस मिनिटं. म्हणजे ९ तारखेलाच रात्री स्टेशनावर जायला हवं होतं.

दुसरी खूण अशी. तिकिटावरचा तासाचा आकडा १२ पेक्षा मोठा असेल, तर त्यातून १२ वजा करा. २३:१० लिहिलं असेल, तर २३ वजा १२ म्हणजे ११. म्हणजे रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं.

खर्चाचा हिशेब

वहीत पाच ओळी पाडा: गाडीभाडं, मुक्काम, जेवण, शहरातलं फिरणं, अडीअडचण. प्रत्येक ओळीपुढं रक्कम लिहा. समजा, घरची ५ माणसं आहेत. २ दिवसांत ४ वेळा जेवण होईल. एका माणसाला एका वेळी १०० रुपये धरले, तर १०० गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे २००० रुपये. पहिल्या दिवसाची शिदोरी घरची असली, तर त्यातलेही वाचतील.

बेरीज खिशापेक्षा मोठी झाली तर? मग एक सुगी थांबावं. पण व्याजानं पैसे काढून सहल करू नये. दोन दिवसांची मौज आणि दोन वर्षांचं कर्ज, हा सौदा तोट्याचा.

मुंबईत नातेवाईक असला, तरी आधी विचारून घ्यावं. मुंबईची खोली लहान असते. पाच माणसं न कळवता दारात उभी राहिली, तर त्याची पंचाईत होते.

काय काय पाहावं?

पहिला दिवस: गाडीतून उतराल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच आधी डोळे भरून पाहा. ही इमारत १८८८ साली पुरी झाली. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी याच भागातून, बोरीबंदरहून, ठाण्याला गेली. मग हुतात्मा चौक पाहा. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून ज्यांनी प्राण दिले, त्यांचं ते स्मारक आहे. पुढे गेटवे ऑफ इंडिया. ती कमान १९२४ साली खुली झाली. इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी तिथूनच निघून गेली. घारापुरीला तिथूनच लाँचा सुटतात. पण लेण्यांना पायऱ्या पुष्कळ आहेत. आपल्याला वेरूळ जवळ आहे. आजीचे गुडघे दुखत असतील, तर घारापुरी सोडा. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर बसा. आजीला समुद्र दाखवा. तिथं घाई करू नका.

दुसरा दिवस: सकाळी राणीची बाग, दुपारनंतर दादरची चैत्यभूमी. आपल्या शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर डिसेंबर १९५६ मध्ये तिथं अंत्यसंस्कार झाले.

एवढं विसरू नका

लोकलला सकाळ-संध्याकाळ फार गर्दी असते. लेकरं घेऊन त्या वेळी चढू नका. प्रत्येक लेकराच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आजीच्या पिशवीतही ठेवा. रेल्वेत अडचण आली, तर १३९ वर फोन करावा. पोलिसांची मदत ११२ वर मिळते. पैसे एकाच खिशात ठेवू नका. सगळ्यांची आधार कार्डं सोबत घ्या.

मंडळी, आज रात्री जेवणं झाली की वही घेऊन बसा. सगळ्यांत वर आजीचं नाव लिहा. तिला विचारा, "माय, तुला काय बघायचंय?" तिथूनच बेताला सुरुवात करा.

करून पाहा

१. तिकिटावर २१:४५ लिहिलं आहे. किती वाजता स्टेशनावर जाल?

२. तिकिटावर तारीख १५ आणि वेळ ००:३० आहे. कोणत्या तारखेच्या रात्री घरातून निघाल?

३. ६ माणसं, ३ वेळा जेवण, एका वेळी ८० रुपये. किती खर्च येईल?

४. तुमच्या लेकराच्या खिशात ठेवायची चिठ्ठी स्वच्छ अक्षरात लिहा.