उद्याची ओळख

मुलांनो, बकरी ईदपूर्वी देवनारच्या बाजारात तुम्ही अब्बांबरोबर गेला असाल. समजा, तेथे राजस्थानचा एक व्यापारी आहे आणि गुजरातचा एक. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. पण तीन दलाल दोघांच्याही ओळखीचे आहेत. मग एखाद्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांची गाठ पडेल की नाही?

संगणकही असाच अंदाज करतो. माणसे म्हणजे ठिपके, ओळखी म्हणजे रेषा. नवी रेषा कोठे पडेल, ते तो सांगतो. अमेरिकेतील लिबेन-नोवेल व क्लाइनबर्ग या संशोधकांनी २००३ साली मिळून लेख लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांवर हे पडताळून पाहिले. नुसते सामाईक सोबती मोजले तरी अंदाज बऱ्यापैकी जमतो, याचे मला नवल वाटते! त्यातही एक खुबी आहे. साऱ्या बाजाराला ओळखणाऱ्या दलालापेक्षा मोजक्यांशी बोलणारा सामाईक मित्र अधिक मोलाचा धरतात.

संगणकाला शिकवताना काही जुन्या रेषा झाकून ठेवतात आणि त्या त्याला ओळखायला लावतात. चुकला की हिशेब सुधारतात. म्हणजे तो कालच्या रेषांवरूनच शिकतो.

आता आपल्या उर्दू शाळेतील सलमा आणि शेजारच्या मराठी शाळेतील सुनीता यांचे पाहा. त्यांची सामाईक मैत्रीण एकही नाही. संगणक म्हणेल, यांची मैत्री होणे कठीण. पण दोघी रोज सकाळी एकाच नळावर हंडा घेऊन उभ्या असतात. तो नळ त्याच्या नकाशात नाही.