संगणकांची नावे व पत्ते : नोंदवही कोणी सांभाळावी?

आज मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडायचे तर आपण त्याचे फक्त नाव लिहितो. परंतु संगणकांच्या जाळ्यात निरोप पोहोचतो तो आकड्यावर, नावावर नव्हे. नावावरून आकडा शोधून देण्याची व्यवस्था कशी उभी राहिली, हे विद्यार्थ्यांना समजावे म्हणून हा लेख.

बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा विषय परका नाही. एकाच नावाचे तीन खातेदार एका शाखेत असतात, म्हणून व्यवहार खाते क्रमांकावर होतो. खातेदार मात्र खिडकीशी येऊन आपले नावच सांगतो. नाव माणसासाठी, क्रमांक हिशेबासाठी, आणि दोन्ही जोडणारी नोंद चुकली तर पैसे भलत्याच खात्यात जातात.

१) आठ बिटांचा पत्ता

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ या संस्थेने १९६९ साली ‘आर्पानेट’ हे जाळे सुरू केले. आरंभी चारच ठिकाणे होती : कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील केंद्रे, स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि युटा विद्यापीठ. प्रत्येक ठिकाणी निरोपांची ने-आण करणारे ‘इम्प’ नावाचे यंत्र बसविले आणि तेथील संगणक त्याला जोडले.

पत्ता आठ बिटांचा होता. सहा बिट इम्पच्या क्रमांकासाठी आणि दोन बिट त्या इम्पवरचा संगणक कितवा, हे सांगण्यासाठी. सहा बिटांत ६४ आकडे मावतात, दोन बिटांत ४. म्हणजे २५६ हून अधिक पत्ते शक्यच नव्हते.

हिशेब सोपा आहे. संगणकाचा क्रम शून्यापासून मोजावा, त्याला ६४ ने गुणावे आणि इम्पचा क्रमांक मिळवावा. लॉस एंजेलिसचा इम्प क्रमांक १. तेथील पहिल्या संगणकाचा पत्ता १, दुसऱ्याचा ६५. स्टॅनफर्डचा इम्प क्रमांक २, म्हणून तेथील पत्ते २ आणि ६६. विद्यार्थ्यांनी इम्प क्रमांक ४ वरील तिसऱ्या संगणकाचा पत्ता काढून पाहावा. उत्तर १३२ यावे.

हा पत्ता म्हणजे तार कोठे जोडली आहे, याचीच खूण. संगणक दुसऱ्या इम्पला जोडला की पत्ता बदलला. म्हणून न बदलणारे नाव हवे होते.

२) ज्याची त्याची यादी

सुरुवातीला प्रत्येक संस्था नावांची यादी स्वतःच ठेवी. त्यामुळे एकाच संगणकाला इथे एक नाव, तिथे दुसरे. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी सर्वांसाठी समान नावे सुचविणारे टिपण काढले. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी, एकच अधिकृत यादी जाळ्यावर ठेवावी, अशी सूचना केली. त्याप्रमाणे ते काम स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील माहिती केंद्राकडे आले. केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवा संगणक नोंदवायचा तर कचेरीच्या वेळेत तेथे दूरध्वनी करावा लागे. या कामात स्त्रियांचा वाटा किती मोठा होता, हे विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात ठेवावे.

ज्याचे नाव यादीत नाही तो संगणक तारेने जोडलेला असला, तरी नावाने हाक मारणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच!

३) यादीचा भार

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने नवी नियमावली स्वीकारली. पत्ता ३२ बिटांचा झाला आणि सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची सोय झाली. आकड्यांचा प्रश्न तेव्हापुरता सुटला, पण यादीचा सुटला नाही. संपूर्ण यादी प्रत्येक संगणकाला उतरवून घ्यावी लागे. संगणक दुप्पट झाले की यादी दुप्पट लांब होई आणि ती नेणारेही दुप्पट होत. म्हणजे भार चौपट!

४) अधिकाराची वाटणी

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोड मांडली. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी नावांचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागाने आपली नोंदवही आपणच सांभाळावी. वरच्या पातळीवर एवढेच लिहिलेले असावे, की खालची माहिती कोणाला विचारायची. वडगाव नावाची गावे अनेक आहेत, पण तालुका व जिल्हा सांगितला की घोटाळा होत नाही, तसेच हे. एकाच नावाचे दोन संगणक वेगवेगळ्या विभागांत सुखाने नांदू लागले. मुख्य म्हणजे, आपल्या विभागातील संगणकाला नाव देण्यासाठी वरच्या कोणाची परवानगी घेण्याची गरज उरली नाही.

मात्र ही नावे दीर्घकाळ रोमन अक्षरांतच लिहावी लागत. २०१४ साली ‘.भारत’ हा विभाग देवनागरीत खुला झाला आणि मराठी नावांची सोय झाली. आतल्या आत ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलले जाते, पण वाचणाऱ्याला आपली लिपी दिसते.

५) बोध

या इतिहासातून तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. नाव आणि ठिकाण वेगळे ठेवावे, म्हणजे ठिकाण बदलले तरी ओळख टिकते. नोंद सर्वांना मान्य असावी, नाहीतर ज्याची त्याची यादी होते. आणि काम वाढले की विश्वासाने जबाबदारी वाटून द्यावी. फोनवरून नोंद घेणाऱ्या एका कचेरीला जे पेलले नसते, ते वाटणीमुळे जगभर पेलले. विद्यार्थ्यांनी संगणक नुसता वापरू नये, त्यामागची रचनाही समजून घ्यावी. संस्थेची सभासद-नोंदवही जे सांभाळतात, त्यांनाही यातून बरेच घेता येईल.