संगणकाच्या कोठीतील जुने काय टाकावे?

संगणकावर नवा प्रोग्रॅम बसवावयाचा म्हणजे त्याची बांधीव फाईल दूरच्या भांडारातून उतरवून घ्यावी लागते. तिला पॅकेज म्हणतात. पुन्हा लागल्यास परत मागवावी लागू नये, म्हणून कित्येक संगणक ती जवळच्या कोठीत ठेवून देतात. या कोठीचे नाव कॅश. रोख पैशाच्या कॅशशी तिचा काही संबंध नाही. कोठी दिवसेंदिवस भरत जाते. जागा मात्र तेवढीच. मग त्यातले काय टाकावे?

बेलाडी या संशोधकाने 1966 साली याचे आदर्श उत्तर मांडले: जी वस्तू पुढे सर्वांत उशिरा लागणार, ती आधी काढावी. पण पुढचे कोणास दिसते? म्हणून मागील वापरावरून अनुमान करावे लागते. घरातील कोणती भांडी माळ्यावर टाकावयाची, हे आपणही याच न्यायाने ठरवितो.

व्यवहारात तीन नियम आढळतात.

पहिला, वापराचा. रस्ट भाषेचा कार्गो हा प्रत्येक फाईल शेवटची केव्हा लागली याची नोंद ठेवतो. जून 2025 मधील 1.88 या आवृत्तीपासून तो नेटवरून आणलेली व तीन महिने न वापरलेली फाईल आपोआप काढतो. नेटशिवाय चालण्याची आज्ञा दिलेली असता मात्र ही सफाई होत नाही. कारण तेव्हा गेलेली वस्तू परत आणता येत नाही.

दुसरा, आवृत्तीचा. आर्च लिनक्सचे सफाईचे साधन, वेगळे सांगितले नसल्यास, प्रत्येक पॅकेजच्या ताज्या तीन आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढते. नवी बिघडली तर जुनी हाताशी असते.

तिसरा, उपलब्धतेचा. डेबियन व उबंटूमध्ये 'ऑटोक्लीन' ही आज्ञा दिली, की भांडारात आता न मिळणाऱ्या फाईली जातात; नवी आवृत्ती आल्याने त्या निरुपयोगी ठरल्या, असे गृहीत धरलेले असते. 'क्लीन' म्हटले, की बहुतेक सारी कोठीच रिकामी होते. तरीही बसविलेला प्रोग्रॅम जात नाही; जाते ती केवळ प्रत.

हा तिसरा नियम नीट ध्यानात घ्यावा, कारण दप्तराचा न्याय याच्या नेमका उलट आहे. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत कागदांचे वर्ग पाडतात: 'अ' कायमचा, 'ब' 30 वर्षांचा, 'क' 10 वर्षांचा, 'क-1' 5 वर्षांचा आणि 'ड' एका वर्षाचा. तेथे कागद किती जुना वा कितीदा उघडला हे पाहत नाहीत. तो गेल्यास कोणाचा हक्क बुडेल, हे पाहतात. शाळेचे जनरल रजिस्टर वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. पण जन्मतारखेचा पुरावा लागला की तेच शोधावे लागते.

आपल्या रामनगरात सुपे धरणामुळे उठून आलेली कुटुंबे आहेत. बुडालेल्या जमिनीचा कागद अन्यत्र मिळत नाही, म्हणून तो निरुपयोगी, असे त्यांपैकी कोण म्हणेल? अन्यत्र मिळत नाही म्हणूनच तो जपावयाचा.

तेव्हा मुलांनो, संगणक साफ करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ही प्रत आहे की मूळ? ही पुन्हा कोठून मिळेल? आणि मिळवावयास आज नेट आहे काय? प्रत असेल आणि पुन्हा मिळण्याची खात्री असेल, तर खुशाल टाका. मूळ असेल, तर ते मुळी कोठीत ठेवूच नका. त्याची जागा दप्तरात.