लेकरू बालगृहात आहे? त्याची काळजी योजना विचारा

आई टीबीने आजारी, बाप नाही, आजीला झेपत नाही. अशा वेळी वस्तीतलं लेकरू बालगृहात जातं. "सरकारनं नेलं, आता आपलं काय चालणार?" असं घरचे म्हणतात. तसं नाही. घरच्यांनी विचारत राहिलं पाहिजे.

बालगृह म्हणजे वसतिगृह नव्हे. वसतिगृहात आपण शिक्षणासाठी प्रवेश घेतो. बालगृहात मूल राहतं ते बाल कल्याण समितीच्या आदेशाने. ही समिती बालन्याय कायदा २०१५ नुसार काम करते. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, असं हाच कायदा सांगतो.

दाखल झाल्यावर २४ तासांत मुलाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. उठणं, नाश्ता, शाळा, खेळ, जेवण, झोप यांचा दिनक्रम सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. तो ठरवताना मुलांच्या समितीचं मतही घ्यायचं असतं.

पण वेळापत्रक सगळ्यांचं एक असलं तरी मूल प्रत्येक वेगळं. म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र वैयक्तिक काळजी योजना लिहावी लागते. तिच्यात आरोग्य, आहार, मन, शिक्षण, खेळ, नातीगोती असं सगळं येतं. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दर महिन्याला प्रगती लिहायची असते.

दोन उदाहरणं घेऊ. नवीन जागी मूल रात्री अंथरूण ओलं करू लागलं, तर ते खोडकर नाही. बहुतेक वेळा भेदरलेलं असतं, कधी लघवीला संसर्ग असतो. शिक्षा नको, लघवीची तपासणी हवी, झोपण्याआधी लघवीला नेणं हवं, धीर देणारं माणूस हवं. सिकलसेलच्या मुलीला रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं लागतं. ताप आला तर लगेच दवाखाना. हे योजनेत लिहिलेलं असलं की कामाची पाळी बदलली तरी चुकत नाही.

घरच्यांनी काय करावं?

१. लसीकरण कार्ड, सिकलसेल कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी यांच्या झेरॉक्स बालगृहात द्या.
२. मूल कशाला घाबरतं, काय खात नाही, कोणाजवळ रमतं, हे अधीक्षकांना सांगा.
३. भेटीला नेमाने जा. योजनेत काय लिहिलं, मूल घरी कधी येऊ शकेल, हे विचारा.
४. अंगावर वळ दिसले, मूल अचानक गप्प झालं, तर समितीकडे लेखी तक्रार द्या किंवा १०९८ वर फोन करा.

आई बरी झाली, मावशी सांभाळायला तयार झाली, तर समितीकडे अर्ज करा. पैशाची अडचण असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा.

कोणी विचारलंच नाही, तर योजना फायलीत पडून राहते आणि लेकरू वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून पुढच्या भेटीला खाऊबरोबर हा प्रश्नही घेऊन जा.