पाणीवाली बाई

‘पाणीवाली बाई’ हे नाव ऐकून मला वाटले, या कुठल्यातरी शाळेतल्या बाई असतील. पण आमच्या बाई म्हणाल्या, हे मृणालताई गोरे यांचे नाव.

मृणालताई मुंबईत गोरेगावला राहायच्या. तिथे प्यायच्या पाण्याचे फार हाल होते. १९६१ साली त्या महापालिकेत निवडून आल्या. बायकांना घेऊन त्यांनी हंडामोर्चे काढले. पाणी मिळेपर्यंत गप्प बसल्या नाहीत. म्हणून लोकांनी हे नाव ठेवले. १९७७ साली त्या खासदार होऊन दिल्लीला गेल्या, तरी नाव तेच राहिले. २०१२ साली त्या वारल्या.

इंग्लंडच्या मार्गारेट थॅचर यांना १९७६ साली रशियातल्या एका वर्तमानपत्राने ‘पोलादी बाई’ म्हटले. ते टोमण्याने म्हटले होते. पण बाईंनी ते नाव हसत घेतले. पुढे त्या पंतप्रधान झाल्या.

आमचे गाव चाकणजवळ आहे. टँकर आला नाही की माझी आजी ग्रामसभेत उभी राहून विचारते. काहीजण तिला ‘भांडकुदळ’ म्हणतात. मला रडू यायचे. आजी म्हणते, “म्हणू दे गं. हंडा भरला ना?”

आता मी आजीला ‘आमची पाणीवाली बाई’ म्हणते. तुम्हीपण म्हणा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी